समितीनं समितीला तपासलं

मी विधिमंडळाच्या सचिवालयात लघुलेखक होते. आमदार बोलायचे आणि मी लिहून घ्यायची, एवढंच काम. राजुऱ्याची मुलगी मुंबईत सरकारी नोकरीला लागली याचं घरी कौतुक फार होतं, पण मी तिथं नेमकं काय करते हे आईला कधी नीटसं कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची की आमची पोरगी आमदारांचं बोलणं लिहून घेते. त्यावर शेजारीण म्हणायची, "काऊन, त्यांले लिहिता येत नाई का?" 

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे प्रत्यक्षात पाळले जातात की नाही हे बघायला आमदारांची एक समिती या दोन्ही जिल्ह्यांत जाणार असं ठरलं. दौऱ्यावर लघुलेखक म्हणून नेहमी पुरुषच जात. पण आधीच्या एका दौऱ्यात आमच्या मुंबईच्या लघुलेखकानं झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडच्या, मजुरांची साक्ष लिहून आणली होती, ती वाचून कोणालाच काही कळलं नव्हतं. मजूर म्हणाला होता, "मले कुठी लागलं ते पाह्यलंच नाई कोणी," आणि यानं लिहिलं होतं की साक्षीदाराला मळे कुठे आहेत ते माहीत नाही. तेव्हा या वेळी तिकडची बोली समजणारं कोणीतरी न्यावं असं अध्यक्षांनी सांगितलं, आणि माझं नाव आलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच दुकानात जाऊन नवीन चपला घेतल्या.

समितीचे अध्यक्ष वकिली केलेले गृहस्थ होते. आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि समोरच्याला शब्दात पकडण्याची भारी हौस. त्यांच्याबरोबर दुसरे चार-पाच आमदार होते, त्यांत एक बाई. या आमदार बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि सगळ्यांशी, अध्यक्षांशीसुद्धा, थोड्याफार त्याच सुरात बोलायच्या. आमच्या कर्मचाऱ्यांचे प्रमुख होते अवर सचिव. सरळ माणूस, पण कुठलीही गोष्ट विचारली तरी आधी कपाळावर आठी घालून मग उत्तर द्यायचे. आणि होते चाचा.

चाचा म्हणजे आमच्या सायक्लोस्टाईल मशीनचे चालक. मूळचे चंद्रपूरचे, त्यांच्या घरी पुस्तकबांधणीचा पिढीजात धंदा. विधिमंडळात बाइंडर म्हणून लागले आणि पुढं मशीनवर आले. मी टाइप केलेली स्टेन्सिल मशीनवर चढवायची, दांडा फिरवायचा आणि प्रती काढायच्या, हे त्यांचं काम. मशीन हातानं फिरवायचं होतं, सगळं लोखंडी, आणि जड इतकं की दोघांनी उचललं तरी दोघांच्याही तोंडून आवाज निघायचा. दौऱ्यावर ते आमच्याबरोबर यायचं, कारण दिवसभरात काय झालं याचा गोषवारा त्याच संध्याकाळी प्रत्येक आमदाराच्या हातात पडला पाहिजे असा अध्यक्षांचा नियम होता.

आमदार पुढं मोटारींतून जायचे. मागून आमची मेटाडोर. तिच्यात एका बाजूला लाकडी बाक, त्यावर मी, चाचा आणि एक शिपाई. समोर मशीन दोरीनं बांधलेलं, शेजारी कागदाचे गठ्ठे, शाईचे डबे, माझा टाइपरायटर आणि रॉकेलचा स्टोव्ह. वळण आलं की मशीन आमच्याकडे सरकायचं आणि आम्ही तिघंही पाय लावून ते परत ढकलायचो. चंद्रपूर ते राजुरा या रस्त्यात याची इतकी सवय झाली की बोलता बोलता, न बघता पाय वर जायचे.

राजुऱ्याला आमदारांचं जेवण विश्रामगृहात होतं. आम्हा मेटाडोरवाल्यांना मी घरी नेलं. आईनं भात, वरण आणि वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे तिकडच्या वालाच्या, शेंगांची भाजी केली होती, जवसाची चटणी होती. चाचांनी भाजी दोनदा मागून घेतली आणि मुंबईत या शेंगा मिळत नाहीत म्हणून मुंबईला नावं ठेवली. माझे बाबा जवळच्या कोळसा खाणीत कामाला होते. त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेऊन बसले होते, स्वच्छ पांढरा सदरा घालून. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला नवा हार. मी इतक्या मोठ्या लोकांबरोबर आले याचं त्यांना काय वाटत होतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्ही निघालो तेव्हा मेटाडोरपर्यंत आले. आत डोकावून म्हणाले, "तू इथी बसतं?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ मशीनकडे बघत राहिले आणि मग दोरी पुन्हा एकदा ओढून घट्ट केली.

गडचांदूरकडं चुनखडीच्या खाणीत समितीनं पहिली पाहणी केली. तिथला व्यवस्थापक तयारीतला होता. आमदारांना एकेक हेल्मेट, एकेक चष्मा. मोजून आमदारांपुरतेच आणले होते. अवर सचिवांना एक जास्तीचं मिळालं, तेही त्यांच्या डोक्याला मोठं होतं आणि नाकावर यायचं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि वही घेऊन मागं मागं चालले. धूळ इतकी होती की वहीच्या पानावर पेन्सिल उठेना. तिथं बायका खडी भरत होत्या. बायकांसाठी वेगळं संडास-मोरी आहे का, असं आमदार बाईंनी विचारलं. व्यवस्थापकानं लांबवर एक पत्र्याचं खोपटं दाखवलं. बाई स्वतः चालत तिथवर गेल्या, बघून आल्या आणि म्हणाल्या, "लिहा. दाराला कडी नाही." मी लिहिलं. त्या खोपट्यात आपणही जाऊन यावं असं मला फार वाटत होतं, कारण राजुऱ्याला घर सोडल्यापासून कुठंच सोय झालेली नव्हती. पण समिती पुढं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मूलवरून वैनगंगा ओलांडून आम्ही गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. दोन्ही बाजूंना जंगल आणि रस्ता अगदी मोकळा. थंडीचे दिवस. मेटाडोरच्या फटींतून वारा यायचा. चाचा कानाला मफलर गुंडाळून मशीनला पाय लावून झोपले होते. आलापल्लीच्या अलीकडच्या एका गावात एक खाजगी आरामशीन होती, लाकूड कापायची. तिथं मागच्या वर्षी ओंडका अंगावर येऊन एक मजूर जायबंदी झाला होता, म्हणून समितीनं ती मुद्दाम निवडली होती.

मालक मध्यमवयीन, नरम आवाजाचा माणूस. आमदार आले म्हणून घामाघूम झालेला. अध्यक्षांनी त्याला समोर लाकडी स्टुलावर बसवलं आणि प्रश्नांचा मारा सुरू केला. ओंडके उतरवायला काय साधन आहे. मजुराला कोणत्या दवाखान्यात नेलं, कशातून नेलं. प्रथमोपचाराची पेटी आहे का. मालक म्हणाला, आहे. आणा. आणली. पांढरी कोरी करकरीत पेटी, तांबडी फुली, आतला कापूस अजून निळ्या कागदात. अध्यक्षांनी ती उचलून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, ही कालच आणली की परवा? मालकानं मान खाली घातली. मग म्हणाला की साहेब, तशी वेळ कधी आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मजुरांनीच काळजी घ्यायला पाहिजे. एवढं बोलायची खोटी, अध्यक्षांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की लिहिता लिहिता माझा हात दुखायला लागला. आमच्याबरोबर जिल्ह्याचे कारखाने निरीक्षक होते. कायदा पाळला जातो की नाही हे बघायचं काम त्यांचंच, म्हणून तेही खाली बघत होते.

दिवस कलता कलता आम्ही विश्रामगृहावर पोचलो. अध्यक्ष आज खुशीत होते. मोटारीतून उतरता उतरता त्यांनी अवर सचिवांना सांगितलं की आरामशीनची साक्ष जेवणाआधी सगळ्यांच्या हातात पाहिजे. अवर सचिवांनी आम्हाला सांगितलं की लवकर मशीन काढा. विश्रामगृहाच्या व्हरांड्याला पायऱ्या होत्या, उंच, दगडी, आणि त्या दिवशी कोणीतरी धुतलेल्या. ड्रायव्हर आणि शिपाई यांनी मशीन मेटाडोरच्या फळीवरून पुढं घेतलं, चाचांनी खालून धरलं. मी टाइपरायटर घेऊन मागं उभी होते. शिपायाचा पाय ओल्या पायरीवर सरकला. त्यानं मशीन सोडलं नाही, पण ते कलंडलं, आणि त्याची लोखंडी बैठक चाचांच्या उजव्या पावलावर आली.

चाचा ओरडले नाहीत. नुसते खाली बसले आणि म्हणाले, "अरे, उचला रे कोणी."

आम्ही उचललं. चपलेचा अंगठा तुटला होता आणि पावलाचा अंगठा पाहवत नव्हता. रक्त पायरीवरून खाली यायला लागलं. मी पदराचं टोक फाडून अंगठ्याभोवती गुंडाळलं. अवर सचिव धावत आले. आमदार बाई आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की औषधाची पेटी कुठं आहे. अवर सचिवांनी शिपायाकडे बघितलं. शिपायानं ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर मेटाडोरमध्ये जाऊन बघून आला आणि म्हणाला, पाना आहे.

विश्रामगृहाच्या चौकीदाराकडे हळद होती. तेवढ्यात निरीक्षक जीप घेऊन गेले आणि थोड्या वेळात परत आले. त्यांच्या मागोमाग आरामशीनचा मालक आपल्या जीपमधून आला, आणि त्याच्या हातात ती पांढरी पेटी. उकिडवा बसला, निळा कागद फाडून कापूस काढला, आयोडीन लावलं आणि व्यवस्थित पट्टी बांधली. मग स्वतःच म्हणाला की माझ्या जीपमधून नेतो दवाखान्यात, मला रस्ता माहीत आहे. अध्यक्ष व्हरांड्यात उभे होते.

मी चाचांबरोबर गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हाड मोडलंय असं सांगितलं, नख काढलं, इंजेक्शन दिलं. चाचांना दुखण्यापेक्षा मशीनची काळजी होती. मशीनचा दांडा वाकला तर नाही ना, हे मला तीनदा विचारलं. परतीच्या वाटेवर मालक जीप चालवता चालवता म्हणाला, "बाई, तुमच्या साहेबांनी मले लय झापलं. पण गलत नाई झापलं." मी नुसतं हो म्हटलं.

परत आलो तर आमदारांचं जेवण थांबलेलं. गोषवारा कोणी मागितला नाही. आमदार बाईंनी निरीक्षकांना पकडलं होतं आणि वर्गात धडा विचारावा तशा विचारत होत्या. हा अपघात आरामशीनमध्ये झाला असता तर तुम्ही काय केलं असतं? निरीक्षक म्हणाले, अहवाल मागवला असता, खटला भरला असता. मग आता? निरीक्षक अडखळले. कारखान्याचा कायदा कारखान्याला लागतो, विश्रामगृहाच्या पायरीला लागत नाही. विधिमंडळाचे कर्मचारी कारखान्याचे मजूर नाहीत. त्यांना सेवेचे नियम आहेत, त्यात रजा आहे, औषधपाण्याची सोय आहे.

"पण मशीन कसं उचलायचं, पेटी आहे की नाही, हे तपासायला कोण येतं?"

निरीक्षकांनी अध्यक्षांकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, कायदे आपण करता. आपल्याकडे तपासायला आम्ही कसे येणार?"

अध्यक्ष मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळची पाहणी रद्द. उद्या समिती इथंच बसेल."

सकाळी उन्हात, त्याच व्हरांड्यात, टेबल मांडलं गेलं. आमदार एका बाजूला बसले. समोर स्टूल ठेवलं. अध्यक्षांनी अवर सचिवांना त्यावर बसायला सांगितलं. अवर सचिवांना आधी वाटलं की चेष्टा आहे, कारण ते हसले. मग कपाळावर आठी आली आणि ते बसले. मी नेहमीसारखी टेबलाच्या टोकाला, पेन्सिल तासून.

अध्यक्षांनी अगदी कालचेच प्रश्न विचारले. जड सामान उतरवायला काय साधन आहे? नाही. प्रथमोपचाराची पेटी? नाही. काऊन नाही, असं मी मनात म्हटलं, पण अध्यक्षांनी "का" असंच विचारलं. अवर सचिव म्हणाले, तशी वेळ कधी आली नव्हती. पुढं म्हणाले, कर्मचाऱ्यांनीही काळजी घ्यायला हवी होती. आणि ते वाक्य तोंडातून निघाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मी वर न बघता लिहीत होते, पण माझ्या वहीचं मागचंच पान कालच्या साक्षीचं होतं, आणि दोन्ही वाक्यांची लघुलिपीतली वळणं जवळजवळ सारखी होती.

अवर सचिवांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, खरं म्हणजे हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही," ते म्हणाले. मला त्या क्षणी ते आवडले.

मग चाचांना बोलावलं. चाचा आदल्या संध्याकाळपासून घाबरलेले होते. मी त्यांना चहा द्यायला गेले तर म्हणाले, "पोरी, मले साक्ष-बिक्ष देऊ नको लावू. नोकरीले दोन-चार वर्ष राह्यले आता, सुखानं जाऊ दे." मी त्यांना सांगितलं की विचारतील तेवढंच सांगा. त्यांना खुर्चीत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. अध्यक्षांनी आवाज लहान करून विचारलं की कालचं कसं झालं. चाचांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग आमदार बाईंनी विचारलं की मुंबईत मशीन कुठं असतं.

तिथं चाचांची गाडी सुरू झाली. तळघरात असतं, म्हणाले. पावसाळ्यात भिंतीतून पाणी येतं, आम्ही कागद फळ्यांवर ठेवतो, माणसं मात्र जमिनीवरच. खिडकी नाही. शाईचा वास डोक्यात बसतो, घरी गेलं तरी जेवणाला शाईचा वास. अधिवेशनात तर दुपारी जेवायलाही वेळ नाही, सभागृहात प्रश्न उत्तरं चालली की आमचा दांडा थांबायचा नाही. कागद कापायचं एक यंत्र आहे, त्याच्या पात्यापुढची आडपट्टी कधीच तुटली, मागणी केली तर सांगतात पुढच्या वर्षी. बाइंडिंगचा एक जण त्यात बोट देऊन बसला, आता तो डाव्या हातानं लिहितो. एवढं सगळं त्यांनी हिंदी-मराठी मिसळून एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाले की मला काही तक्रार नाही.

त्यावर एक आमदार हसले, पण अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही आधी कोणाला सांगितलं का नाही?"

"साहेब, आजपावतो कोणी विचारलंच नाई," चाचा म्हणाले.

मला वाटलं संपलं. मी पान मिटत होते, तर आमदार बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही."

मी म्हटलं, मी लघुलेखक आहे. त्या म्हणाल्या, तेच, समितीबरोबर प्रवास करणाऱ्या महिला कर्मचारी. स्टुलावर बसा. मी उठले आणि पुन्हा बसले, कारण अडचण लक्षात आली. मी साक्ष दिली तर ती लिहिणार कोण? अवर सचिवांना लघुलिपी येत नव्हती. आमदार बाईंनी हात पुढं केला, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःसमोर एक कोरा कागद ओढला. "मला तुमच्यासारखं भराभर जमायचं नाही. सावकाश बोला."

स्टुलावर बसल्यावर सगळी मंडळी वेगळीच दिसायला लागली. इतकी वर्षं मी त्यांना कडेनं बघत आले होते, आता ते समोरून माझ्याकडे बघत होते. मेटाडोरमध्ये कसं बसता असं विचारलं तेव्हा मी सांगितलं की बाकावर, आणि मशीन सरकलं की पायानं धरतो. कोण धरतं? सगळेच. तुम्हीपण? हो. अध्यक्षांनी मान वळवून अंगणात उभ्या मेटाडोरकडे बघितलं. स्टोव्ह आणि रॉकेल आत असतं का? असतं. शाईच्या डब्यांजवळ? जागा तेवढीच आहे.

मग बाईंनी विचारलं की दौऱ्यात तुमची राहण्याची, संडास-मोरीची सोय काय. इथं मी थांबले. पाच-सहा पुरुष समोर, त्यांतले अध्यक्ष तर माझ्या बाबांच्या वयाचे. पण बाई पेन्सिल टेकवून वाट बघत होत्या आणि मला खाणीतलं ते पत्र्याचं खोपटं आठवलं, ज्याला कडी नाही असं मी स्वतः लिहिलं होतं.

"सोय नाही," मी म्हटलं. "काल रात्री मी चौकीदाराच्या बायकोजवळ झोपले. त्याआधी दिवसभर पाणी प्यायले नाही, म्हणजे जायची वेळ येऊ नये. खाणीतल्या बायकांना निदान ते खोपटं तरी होतं."

बाईंनी ते शब्दन् शब्द लिहिलं. मध्ये एकदा "निदान" चुकलं ते स्वतःच खोडून नीट केलं. मग अध्यक्ष म्हणाले, "काल चौकीदाराकडे तुम्ही झोपलात हे मला ठाऊक नव्हतं." आवाज पुन्हा लहान होता. मी म्हटलं, तिनं चांगलं पांघरूण दिलं. हे खरंच होतं, आणि काहीतरी बरं बोलावंसं वाटलं म्हणूनही म्हटलं.

दुपारी समिती पुढच्या गावाला निघाली. मशीन तिथंच विश्रामगृहात ठेवलं, नंतर ट्रकनं मागवायचं ठरलं. अध्यक्ष दुसऱ्या मोटारीत बसले आणि त्यांच्या मोटारीत पुढच्या सीटवर चाचांना पाय लांब करून बसवून चंद्रपूरला धाडलं. ते इतके संकोचले होते की चंद्रपूर येईपर्यंत एक पानसुद्धा खाल्लं नाही, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. त्यांना चंद्रपुरात त्यांच्या घरी सोडलं. त्यांचे भाऊ, भावजया, पुतणे सगळे रस्त्यावर आले, आणि आमदाराच्या मोटारीतून उतरताना मोहल्ल्यानं बघितलं म्हणून चाचांचं दुखणं निम्मं कमी झालं.

मुंबईत परतल्यावर अहवाल तयार झाला. अध्यक्षांनी त्यात एक वेगळं प्रकरण घातलं होतं, विधिमंडळाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांबद्दल. जे नियम आपण कारखानदाराला लावतो ते आपल्या छपाईच्या खोलीला, आपल्या गाड्यांना, आपल्या जिन्यांना लागले पाहिजेत, आणि बाहेरच्या निरीक्षकाला आत येऊन बघायचा अधिकार पाहिजे, असं त्यात सरळ म्हटलं होतं. टाइप मीच केलं. ते करताना मला फार छान वाटत होतं, आणि चूक एकही झाली नाही. पण छापून आलेल्या अहवालात ते प्रकरण नव्हतं. ते समितीच्या कार्यकक्षेत येत नाही असं वरून सांगण्यात आलं. अध्यक्ष दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड करत होते. आमदार बाईंनी सभागृहात एकदा विषय काढला, तेव्हा बाकांवरून थोडं हसू आलं, आणि त्यांनी हसणाऱ्यांकडे असं काही बघितलं की ते गप्प बसले. तेवढंच. कायदा काही बदलला नाही.

मला वाईट वाटलं. वाईट म्हणजे, राग आला. मी एवढं सांगितलं आणि ते कुठंच उमटलं नाही याचा. राजुऱ्याला गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता त्या गाडीत कसं बसतं तू?" मी सांगितलं की आता बसायला वेगळी गाडी मिळते. ते म्हणाले, "मंग झालं ना काहीतरी."

झालं होतं, हे खरंच होतं. अवर सचिवांनी कोणाला न विचारता, आपल्या अधिकारात जेवढं बसतं तेवढं सगळं करून टाकलं होतं. सामान वेगळ्या गाडीतून जायला लागलं. मेटाडोरमध्ये औषधाची पेटी आली आणि ती उघडून बघायचं काम अवर सचिव स्वतः करायचे, कपाळावर आठी घालून. दौऱ्याच्या कार्यक्रमात महिला कर्मचाऱ्यांच्या खोलीचा उल्लेख यायला लागला, मग दुसऱ्या मुलीही दौऱ्यावर यायला तयार झाल्या. कागद कापायच्या यंत्राला आडपट्टी बसली. चाचांची रजा पूर्ण पगारी मंजूर झाली, त्यासाठी अध्यक्ष स्वतः तीन टेबलं फिरले होते असं कळलं.

चाचा उन्हाळ्यात परत आले. थोडे लंगडत होते, पण थंडीच्या दिवसांतच ते जास्त जाणवायचं. पुढच्या वर्षी तळघरातून त्यांना वरच्या मजल्यावर, खिडकीच्या खोलीत आणलं आणि विजेवर चालणारं नवं मशीन आलं. पहिल्या दिवशी वायरमन आला, त्यानं चाचांच्या पायाखाली एक जाड काळं रबराचं पायपुसणं टाकलं आणि सांगितलं की यावर उभं राहूनच बटण दाबायचं.

चाचांनी त्याला विचारलं की हे कोणत्या कायद्यानं.

वायरमन म्हणाला, कायदा मला माहीत नाही, शॉक बसू नये म्हणून.

चाचा त्यावर चढून उभे राहिले, दोन्ही पाय नीट जुळवले आणि मला म्हणाले, "चाल, दे तुझी स्टेन्सिल." मशीन सुरू झालं. दांडा फिरवायचा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते पाठीमागं बांधले आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.